हेन्री केबल, सुझॅना होम्स आणि त्यांची मुलंबाळं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सिडनीत राहते. भारतातून कोणी आलं की ऑपेरा हाऊस बघून झाल्यावर मी त्यांना या नवराबायकोची गोष्ट सांगतेच, आणि मग ती मंडळी घरी पोचल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्न पाठवत राहतात, त्यांच्या मैत्रिणी पाठवतात, कोणाचा तरी शाळेतला नातू प्रोजेक्टसाठी पाठवतो. तेच तेच प्रश्न असतात म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतेय. प्रश्नांना नंबर दिलेत, एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तर तसं सांगितलंय.

१. हे हेन्री आणि सुझॅना नक्की कोण? थोडक्यात सांगा ना.

इंग्लंडमधले दोन गरीब तरुण. हेन्री सफोकमधल्या लॅक्सफील्ड गावचा, सुझॅना शेजारच्या नॉरफोकमधल्या सर्लिंगहॅमची. दोघांना चोरीसाठी आधी फाशी सुनावली गेली, मग ती बदलून १४ वर्षांची हद्दपारी झाली. नॉरिचच्या किल्ल्यातल्या जेलमध्ये दोघं भेटले, तिथेच त्यांना मुलगा झाला, आणि १७८८ मध्ये कैद्यांच्या पहिल्या ताफ्यातून तिघंही ऑस्ट्रेलियात पोचले. इथे त्यांचं लग्न झालं, पुढे आणखी दहा मुलं झाली, हेन्री पोलीस झाला मग व्यापारी झाला. आज त्यांचे वंशज ऑस्ट्रेलियाभर आहेत.

२. हद्दपारी म्हणजे आपल्याकडच्या तडीपारीसारखंच का?

नाही हो. तडीपार माणूस जिल्ह्याबाहेर जातो, दोन जिल्हे सोडून मावशीकडे राहतो आणि मुदत संपली की परत येतो. ही हद्दपारी म्हणजे सरकारने जहाजात घालून समुद्रापलीकडे पाठवायचं, तिथे सरकार सांगेल ते काम करायचं, आणि मुदतीआधी परत आलात तर फाशी.

ब्रिटिश आधी कैदी अमेरिकेत पाठवायचे, साधारण ५०,००० लोक तिकडे गेले. १७७५ मध्ये अमेरिकेत युद्ध पेटलं आणि तो रस्ता बंद झाला. पण कोर्टं शिक्षा सुनावतच राहिली, जेल भरले, मग नदीत आणि बंदरात उभ्या केलेल्या जुन्या निकामी जहाजांवर कैदी कोंबायला लागले. या जहाजांना हल्क म्हणायचे, पुढे हा शब्द येणारे. शेवटी १७८६ मध्ये ठरलं की न्यू साउथ वेल्सला, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर, पाठवायचं. १७८७ ला पहिला ताफा निघाला, १८६८ ला शेवटचं जहाज वेस्टर्न ऑस्ट्रेलियात आलं, या ८० वर्षांत अंदाजे १,६२,००० लोक आले, त्यात बायका साधारण २५,०००.

३. गुन्हा काय होता? भाकरी चोरली म्हणून पाठवायचे असं ऐकलंय.

भाकरीची गोष्ट सगळ्यांना आवडते, पण हेन्रीच्या बाबतीत ती खरी नाही आणि मला ती सांगायचीही नाहीये. हेन्री, त्याचे वडील (त्यांचंही नाव हेन्रीच) आणि अब्राहम कारमन नावाचा तिसरा, यांनी मालकीण घरात नसताना एक घर फोडलं आणि अक्षरशः धुऊन नेलं. १७८३ मध्ये थेटफर्डच्या कोर्टात तिघांनाही फाशी सुनावली. हेन्री विशीच्या आतबाहेर होता, त्याची फाशी बदलून १४ वर्षांची हद्दपारी झाली. वडील आणि कारमन नॉरिचला फासावर गेले. म्हणजे ज्या किल्ल्यात मुलगा कैदेत होता तिथेच बापाला फाशी झाली. या माणसाबद्दल पुढे जे काही वाचाल ते ही गोष्ट डोक्यात ठेवून वाचा असं मी सगळ्यांना सांगते.

सुझॅनाचा खटला पुढच्या वर्षी, १७८४ ला, त्याच थेटफर्डमध्ये झाला. घरातलं कापडचोपड आणि चांदीचे चमचे चोरले असा आरोप होता, किंमत फार नव्हती. तरी फाशी, कारण त्या काळी घरफोडीला कायद्यात फाशीच होती. न्यायाधीश मग त्यातल्या बऱ्याच जणांची शिक्षा खाली आणायचे, तशी तिचीही १४ वर्षांवर आणली.

४. जेलमध्ये मूल कसं काय झालं? बायका-पुरुष वेगळे नसायचे?

आतासारखे कडक वेगळे विभाग तेव्हा नव्हते. अमेरिका बंद आणि ऑस्ट्रेलिया अजून ठरलेलं नाही अशा मधल्या वर्षांत ही दोघं नॉरिचच्या किल्ल्यात अडकून पडली होती. १७८६ मध्ये मुलगा झाला, त्याचंही नाव हेन्री ठेवलं (आजोबा, बाप, मुलगा तिघंही हेन्री, गोंधळ झाला तर प्रश्न १७ बघा). त्यांनी लग्नाची परवानगी मागितली होती, ती मिळाली नाही. म्हणून बाळाच्या बापाचा बाळावर कागदोपत्री काहीच हक्क नव्हता, आणि पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं.

५. जेलरने बाळाला मांडीवर घेऊन लंडन गाठलं ही गोष्ट खरी आहे का? फार फिल्मी वाटते.

खरी आहे, तेव्हाच्या वर्तमानपत्रांत छापून आलेली आहे. मला तर सगळ्या गोष्टीत हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो म्हणून सविस्तर सांगते.

१७८६ च्या शेवटी हुकूम आला की बायकांना प्लिमथला पाठवा. यादीत सुझॅना होती, हेन्री नव्हता. त्याने मलाही पाठवा म्हणून विनवण्या केल्या, कोणी ऐकलं नाही. जॉन सिम्पसन नावाच्या जेलच्या माणसाकडे सुझॅनाला पोचवायचं काम होतं, बाळ आईच्या अंगावर पिणारं त्यामुळे ते बरोबरच. ऐन थंडीत इंग्लंडच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला घोडागाडीतून ही मंडळी प्लिमथला पोचली, आणि तिथे डंकर्क नावाच्या हल्कवरच्या साहेबाने सांगितलं की बाईला घेतो, मूल घेणार नाही, मुलाबद्दल ऑर्डरमध्ये काहीच लिहिलेलं नाहीये. बाळाला आईच्या हातातून काढून घेतलं. ती जिवाचं बरंवाईट करीन म्हणून आक्रोश करत होती.

आता सिम्पसनचं काम इथे संपलं होतं. कैदी पोचवला, पावती घेतली, परत जायचं. बाळ गावच्या अनाथांच्या खात्यावर टाकलं असतं तरी कोणी त्याला जाब विचारला नसता. त्याने तसं केलं नाही. ते काही महिन्यांचं पोर मांडीवर घेऊन, वाटेत मिळेल ते चमच्याने भरवत तो लंडनला गेला, तिथे बाळाला एका बाईकडे सांभाळायला ठेवलं आणि गृहमंत्री लॉर्ड सिडनी यांच्या घरी धडकला. आत सोडेनात. तो तिथेच थांबून राहिला, आणि साहेब जिना उतरताना दिसल्यावर सरळ त्यांच्याकडे धावत गेला आणि सगळं सांगितलं. लॉर्ड सिडनींनी ऐकून घेतलं आणि हुकूम दिला की मूल आईला परत द्या, आणि बापालाही बरोबर पाठवा. सिम्पसन मग नॉरिचला गेला, हेन्रीला घेतलं आणि बापलेकाला प्लिमथला पोचतं केलं.

ज्या लॉर्ड सिडनींच्या जिन्यावर हे घडलं त्यांचंच नाव सिडनी शहराला आहे. मी रोज ट्रेनमध्ये स्टेशनची अनाउन्समेंट ऐकते तेव्हा मला तो जिना आठवतो.

६. मग जहाजावर तिघं एकत्र होते का?

सुरुवातीला हो. मार्च १७८७ मध्ये तिघंही फ्रेंडशिप नावाच्या जहाजावर चढले. ११ जहाजांचा ताफा १३ मे १७८७ ला पोर्ट्समथहून निघाला, टेनेरीफ, रिओ, केपटाउन असं करत. केपटाउनला नव्या वसाहतीसाठी जनावरं घ्यायची होती, मेंढ्यांना जागा पाहिजे म्हणून फ्रेंडशिपवरच्या बायका दुसऱ्या जहाजांवर हलवल्या. सुझॅना आणि बाळ शार्लटवर गेले, हेन्री मागे राहिला. इतकं करून एकत्र आणलेलं कुटुंब मेंढ्यांसाठी पुन्हा तोडलं हे वाचून माझी एक मैत्रीण रडली होती. पण यावेळी ताटातूट थोडी होती, जानेवारी १७८८ मध्ये सगळी जहाजं पोचली. आधी बॉटनी बे, तिथे गोडं पाणी आणि बंदर दोन्ही धड नाही म्हणून मग उत्तरेला सिडनी कोव्ह, २६ जानेवारीला. आपला प्रजासत्ताक दिन आणि इथला ऑस्ट्रेलिया डे एकाच तारखेला येतात, लोक विचारतात काही संबंध आहे का, तर नाही, योगायोग आहे.

७. लग्न कधी झालं?

१० फेब्रुवारी १७८८. बायकांना किनाऱ्यावर उतरवून जेमतेम चार दिवस झाले होते. रेव्हरंड रिचर्ड जॉन्सन यांनी त्या दिवशी पाच जोडप्यांची लग्नं लावली, त्यातलं एक हे. त्याच दिवशी लग्न झालेल्या दुसऱ्या एका जोडप्याची गोष्ट अगदी उलटी आहे, ती प्रश्न १२ मध्ये.

८. कैद्यांनी जहाजाच्या कॅप्टनवर केस केली आणि जिंकली? हे कसं शक्य आहे?

वकिली करणारी मंडळी हा प्रश्न हमखास विचारतात आणि त्यांचं बरोबर आहे, कायद्याने ते शक्यच नव्हतं.

झालं असं की सिम्पसनची बातमी पेपरात आल्यावर इंग्लंडमध्ये लोकांना या कुटुंबाची दया आली आणि लेडी कॅडोगन यांच्या पुढाकाराने वर्गणी जमली, साधारण २० पाउंड. त्यातून कपडे, पुस्तकं आणि संसाराला लागेल असं सामान घेऊन एक पार्सल बांधलं, ते अलेक्झांडर नावाच्या जहाजावर चढवलं. सिडनीत उतरल्यावर पार्सल मागितलं तर सामान गायब, थोडी पुस्तकं तेवढी मिळाली. ज्यांच्याकडे अंगावरच्या कपड्याशिवाय काही नव्हतं त्यांना कोणीतरी अनोळखी माणसांनी पाठवलेलं सामान होतं ते, आणि तेच चोरीला गेलं.

इंग्लंडच्या कायद्यात फाशीची शिक्षा झालेला माणूस (नंतर ती कमी झाली तरी) कायद्याच्या नजरेत मेलेलाच. त्याच्या नावावर मालमत्ता असू शकत नाही, तो कोर्टात दावा लावू शकत नाही, आणि हे दोघंही नेमके तसेच. तरी जुलै १७८८ मध्ये जज अ‍ॅडव्होकेट (म्हणजे वसाहतीतले मुख्य न्यायाधिकारी) डेव्हिड कॉलिन्स यांच्या कोर्टात दोघांच्या नावाने कॅप्टन डंकन सिंक्लेअरवर दावा दाखल झाला. वसाहतीतली ही पहिली दिवाणी केस. मजकुरात वादी कोण हे लिहायच्या जागी कैदी असा शब्दच येऊ दिला नाही, इथले नवे रहिवासी असं लिहिलं. कोर्टाने १५ पाउंड भरून द्यायला सांगितले.

कोणी म्हणतं कॉलिन्सना कायदा नीट माहीत नव्हता, ते मूळचे मरीन दलातले, म्हणजे आरमाराच्या सैनिकांचे, अधिकारी होते. मला तसं वाटत नाही. कैदी शब्द टाळला याचा अर्थ अडचण कुठे आहे ते त्यांना पक्कं माहीत होतं. जिथे बहुतेक वस्तीच कैद्यांची आहे तिथे कैद्याला चोरीची दाद मागता येत नाही म्हटलं तर उद्यापासून कोणीही कोणाचंही काहीही उचलेल, हे वसाहतीचे पहिले गव्हर्नर फिलिप यांना आणि कॉलिन्सना कळत असणार.

९. शिक्षा चालू असताना माणूस पोलीस कसा होतो?

दुसरं कोण होतं? मरीन सैनिकांना पहारेगिरी नको होती, त्यामुळे १७८९ मध्ये पहिली रात्रीची गस्त बसवली ती बारा निवडक कैद्यांचीच. हेन्रीवर अधिकाऱ्यांचा विश्वास बसला, तो आधी मुकादम, मग कॉन्स्टेबल आणि पुढे चीफ कॉन्स्टेबल झाला. १८०२ मध्ये ती नोकरी गेली, बाहेरून आलेल्या जहाजावरून नियम मोडून डुकरं विकत घेऊन उतरवली म्हणून. काही जण हे लपवतात, मी नाही लपवत. तो साधुसंत नव्हता.

१०. एवढा पैसा कुठून आला?

आधी दारू आणि हॉटेल, मग सील या समुद्री प्राण्यांची शिकार, आणि जमीन होतीच. १७९८ मध्ये त्याने रॅम्पिंग हॉर्स नावाचं हॉटेल काढलं, तिथून ऑस्ट्रेलियातली पहिली प्रवासी घोडागाडी सुटायची. नॉरिचमध्ये रॅम्पंट हॉर्स नावाची गल्ली आजही आहे. ज्या शहराने त्याच्या बापाला फाशी दिली त्याच शहरातलं नाव त्याने हॉटेलला दिलं, यात काय होतं त्याच्या मनात ते मला अजून उलगडलेलं नाही.

१८०० पासून तो सीलच्या धंद्यात उतरला. सीलची कातडी आणि तेल दोन्हीला तेव्हा भाव होता. भागीदार जेम्स अंडरवुड, जहाजं बांधणारा, आणि सिमियन लॉर्ड, माल विकणारा. तिघंही हद्दपार होऊन आलेले. तिघांनी १८०७ मध्ये गव्हर्नर ब्लाय यांना जी चिठ्ठी पाठवली तिची भाषा उद्धट वाटली म्हणून प्रत्येकाला महिनाभर जेल आणि १०० पाउंड दंड झाला. १८०९ च्या सुमारास भागीदारी फुटली, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि १८११ मध्ये हेन्री सिडनीजवळच्या विंडसरला राहायला गेला, तिथे दुकान आणि दारूची भट्टी चालवली.

११. मुलांचं पुढे काय झालं?

एकूण अकरा. काही लहानपणीच गेली. थोरला हेन्री, म्हणजे मांडीवरून लंडनला गेलेलं बाळ, मोठा होऊन बापाच्या धंद्यात आला. डायना १७८८ च्या शेवटी जन्मली, वसाहतीत जन्मलेल्या अगदी पहिल्या मुलांपैकी, तिचं लग्न विल्यम गॉड्री नावाच्या व्यापाऱ्याशी झालं. जेम्स समुद्रावर गेला आणि मलाक्काच्या सामुद्रधुनीत चाच्यांच्या हातून मारला गेला. जॉन मुष्टियोद्धा होता, यंग केबल नावाने १८२० च्या दशकात त्याचा बराच बोलबाला होता.

१२. त्याच दिवशी लग्न झालेलं दुसरं जोडपं कोणतं?

विल्यम आणि मेरी ब्रायंट. मेरी कॉर्नवॉलची, विल्यम तिथलाच मच्छिमार. पोरगी शार्लट जहाजावरच जन्मली, जहाजाचंच नाव तिला दिलं, आणि इथे आल्यावर इमॅन्युएल झाला. उपाशी दिवस होते, तेव्हा मार्च १७९१ मध्ये गव्हर्नरची होडी पळवून नवराबायको, दोन मुलं आणि आणखी सात कैदी निघाले ते ६९ दिवसांनी थेट तिमोर बेटावर कुपांगला पोचले, पाच हजार किलोमीटर, उघड्या होडीत. तिथे पकडले गेले. विल्यम आणि इमॅन्युएल बटाव्हियात (आजचं जकार्ता) तापाने मेले, शार्लट इंग्लंडच्या वाटेवर जहाजात गेली. कुटुंबातली मेरी एकटीच लंडनला पोचली, पुन्हा जेलमध्ये. जेम्स बॉझवेल या लेखकाने तिच्यासाठी खटपट केली आणि १७९३ मध्ये तिला माफी मिळाली.

पळून गेले म्हणून त्यांना मूर्ख म्हणणारे मेसेज मला येतात. त्या काळचं रेशन बघा आणि मग बोला. केबलांची मुलं वाचली यात कर्तबगारी होती तेवढंच नशीबही होतं.

१३. शिक्षा संपल्यावर इंग्लंडला परत का गेले नाहीत?

जाता यायचं, मुदत संपलेल्या माणसाला अडवत नसत, पण सरकार तिकीट काढून देत नसे. पुरुष निदान खलाशी म्हणून काम करत जाऊ शकायचे, बाईला तोही मार्ग नाही. यांची मुदत १७९७-९८ च्या सुमारास संपली, तोपर्यंत घर होतं, पोरं होती, धंदा होता. आणि परत कोणाकडे जायचं? हेन्रीच्या बापाचं काय झालं ते वर सांगितलंच आहे.

१४. सुझॅनाबद्दल इतकं कमी का लिहिलंय? सगळं हेन्रीचंच.

माझी स्वतःची हीच तक्रार आहे. हेन्रीच्या मागे परवाने, जमिनीचे कागद, कोर्टाचे निकाल आहेत. सुझॅना कागदावर दिसते ती खटल्यात, जहाजाच्या यादीत, लग्नाच्या नोंदीत, पार्सलच्या दाव्यात, मुलांच्या बाप्तिस्म्याला आणि शेवटी ८ नोव्हेंबर १८२५ ला, मृत्यूच्या नोंदीत. पण नवरा गस्तीवर किंवा कोर्टात किंवा एक महिना जेलमध्ये असताना ते हॉटेल आणि ती घरभर पोरं कोण बघत होतं हे सांगायला वेगळा कागद लागत नाही.

१५. सिडनीत पहिलं पाऊल हेन्रीने टाकलं, गव्हर्नरला खांद्यावर घेऊन उतरवलं, हे खरंय का?

घराण्यात चालत आलेली गोष्ट आहे, पुरावा नाही. आणि पहिलं पाऊल म्हणायचं तर त्या किनाऱ्यावर गाडिगल लोकांची पावलं हजारो वर्षांपासून होती. ताफा आल्यावर सव्वा वर्षात देवीची साथ आली, १७८९ ला, आणि सिडनीच्या आसपासचे निम्म्याहून जास्त मूळ रहिवासी त्यात मेले असं मानतात. विंडसरची हॉक्सबरी नदीकाठची सुपीक जमीन दारुग लोकांची, तिथे कैदी आणि सैनिकांना शेतं वाटून दिली आणि वर्षानुवर्षं मारामाऱ्या झाल्या. केबलांचा संसार ज्या जमिनीवर उभा राहिला ती कोणाच्या तरी हातातून घेतलेली होती, हे मी पाहुण्यांना दरवेळी सांगते, गोष्टीची मजा कमी झाली तरी.

१६. हे म्हणजे काळ्या पाण्याची शिक्षाच ना? आपल्याकडचा काही संबंध?

मूळ एकच, ब्रिटिशांचीच पद्धत. अंदमानची वसाहत १८५८ मध्ये, उठावानंतर, कैद्यांसाठी सुरू झाली. आपल्या डोळ्यासमोर सेल्युलर जेल आणि १९११ ला तिथे गेलेले सावरकर येतात, पण अंदमानातही काही वर्षांनी चांगली वागणूक असलेल्या कैद्यांना लग्न करून शेती करायची मुभा मिळायची, त्यांचे वंशज तिथे आहेत. त्याआधी मुंबई इलाख्यातले कैदी मॉरिशसला रस्ते बांधायला पाठवले जायचे.

आणि उलटंही व्हायचं. महाबळेश्वरला चायनामन धबधबा आहे ना, आपण सगळे तिथे फोटो काढतो, ते नाव तिथे ठेवलेल्या चिनी कैद्यांवरून आलंय. पूर्वेकडच्या ब्रिटिश वसाहतींतून त्यांना आपल्या सह्याद्रीत हद्दपार केलं होतं आणि ते तिथे भाजीपाला पिकवायचे. त्यांचीही घरं कुठेतरी मागे राहिली असणार, त्यांच्यासाठी कुठला सिम्पसन धावला की नाही कोणास ठाऊक.

१७. नेटवर शोधलं तर वेगळीच माणसं येतात. कसं शोधायचं?

स्पेलिंगचा घोळ आहे. जुन्या कागदांत केबल, कॅबेल, कीबल असं कसंही लिहिलंय, लिहिणारा कारकून ऐकेल तसं. त्यात हेन्री तीन पिढ्या. तेव्हा नावाबरोबर साल बघा : १७८३ ला फाशी गेला तो बाप, १८४६ ला वारला तो आपला हेन्री, १७८६ ला नॉरिचला जन्मला तो मुलगा. सुझॅना नावाची त्यांची मुलगीही होती, तिथेही तेच.

१८. इथल्या लोकांना पूर्वज कैदी होता हे सांगायला लाज नाही वाटत?

पूर्वी फार वाटायची, घरातले कागद जाळून टाकलेली कुटुंबं होती. साधारण १९७० नंतर वारं फिरलं, आता पहिल्या ताफ्यातला पूर्वज सापडला तर लोक पेढे वाटावेत इतके खूश होतात. दहा डॉलरच्या जुन्या नोटेवर फ्रान्सिस ग्रीनवे या वास्तुविशारदाचं चित्र होतं, त्याला बनावट कागदपत्रासाठी हद्दपारी झाली होती. वीस डॉलरच्या नोटेवर मेरी रीबी आहे, घोडा चोरला म्हणून तेराचौदाव्या वर्षी पकडलेली मुलगी. पण सगळे ऑस्ट्रेलियन कैद्यांचे वंशज असं मात्र नाही, बहुतेकांचे पूर्वज स्वतःहून नंतर आलेले.

१९. त्यांची कबर बघायला कसं जायचं?

सेंट मॅथ्यूज चर्च, विंडसर. चर्चचा आराखडा वरच्याच ग्रीनवेंचा. सिडनी सेंट्रलवरून रिचमंडकडे जाणारी ट्रेन पकडा, विंडसर स्टेशनला उतरा, पुढे चालत जाता येतं. सुझॅना १८२५ ला गेली, हेन्री त्यानंतर वीस वर्षं जगला आणि १६ मार्च १८४६ ला वारला, तिच्याजवळच त्याला ठेवलंय. सकाळी लवकर जा, उन्हाळ्यात तिकडे सिडनीपेक्षा खूप तापतं, पाण्याची बाटली घ्या.